रस्त्याचा हक्क आणि मुलांची सायकल

जून उजाडला की आपल्या घरांत वह्या-पुस्तकांबरोबर आणखी एका गोष्टीची चर्चा सुरू होते. मूल आठवीत गेले, शाळा दोन-अडीच किलोमीटरवर आहे, रिक्षाचे महिन्याचे भाडे झेपत नाही. मग सायकल द्यावी का? अब्बा म्हणतात, द्यावी. अम्मी म्हणते, रस्ता पाहिलात का? बरोबर दोघांचेही असते. सायकलीने पैसा वाचतो, तब्येत सुधारते, मूल स्वतःच्या पायावर उभे राहायला शिकते. आणि त्याच रस्त्यावर बस, डंपर, टेम्पो आणि घाईत असलेली हजार माणसेही असतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला. त्या निमित्ताने सायकलीचे फायदे सांगणारे लेख दरवर्षी येतात. आम्हाला या महिन्यात फायद्यांपेक्षा अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. शहराच्या रस्त्यावर, विशेषतः बसच्या शेजारून, सायकल सुखरूप कशी चालवायची? आणि सायकलवाला सुखरूप राहावा म्हणून बाकीच्यांनी काय करायचे?

सायकलवर कोण असतो?

सायकल म्हटली की हल्ली रविवारी पहाटे चकचकीत हेल्मेट घालून निघणारे हौशी लोक डोळ्यांसमोर येतात. त्यांचे कौतुकच आहे. पण रोजचा सायकलवाला वेगळा असतो. फजरच्या अजानपूर्वी बेकरीतून पावाची पेटी लादून निघणारा पाववाला, भिवंडी किंवा मालेगावात पाळी बदलताना कारखान्याकडे जाणारा यंत्रमाग कामगार, गल्लोगल्ली फिरणारा भंगारवाला आणि दप्तर पुढच्या जाळीत टाकून शाळेला निघालेली मुलगी, हे खरे सायकलवाले. २०११ च्या जनगणनेत देशातील १०० पैकी जवळपास ४५ घरांत सायकल होती. म्हणजे हा कुणा दुसऱ्याचा विषय नाही. ही आपलीच माणसे आहेत.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. या दोघांजवळ इंजिन नाही, वेग नाही, अंगाभोवती पत्रा नाही. रस्त्यावर ते कुणाला चिरडू शकत नाहीत, पण त्यांना कुणीही चिरडू शकतो.

रस्त्यालाही हक्क असतो

आपल्या दीनमध्ये रस्त्याचा विचार फार आधीपासून आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना रस्त्यात बसू नका असे सांगितले. सहाबांनी अडचण मांडली की, आमच्या बोलण्या-बसण्याची जागा तीच आहे. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या. तो हक्क कोणता, असे विचारल्यावर त्यांनी नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, चांगले सांगणे व वाईटापासून रोखणे या गोष्टी मोजून दाखवल्या. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आणखी एक शिकवण आम्हाला आजच्या वाहतुकीसाठी फार मोलाची वाटते. स्वार असलेल्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला करावा. विचार केला तर यात केवढा अर्थ आहे! जो उंचावर आहे, ज्याच्याकडे वेग आणि ताकद आहे, त्याने आधी नमते घ्यायचे. आपल्या रस्त्यांवर नेमके उलटे चालते. मोठी गाडी हॉर्न वाजवते आणि लहानाने बाजूला व्हायचे. बससमोर मोटार दबते, मोटारीसमोर मोटारसायकल, मोटारसायकलीसमोर सायकल आणि सायकलीसमोर म्हातारी आजी. ही उतरंड उलटी फिरवली पाहिजे. बसने सायकलीला जागा द्यावी, सायकलवाल्याने चालणाऱ्याला. सायकलवाला लहान असला तरी पायी चालणाऱ्यापुढे तो स्वारच आहे, हे मुलांना सायकल देतानाच सांगितले पाहिजे.

पुण्याने काय करून पाहिले?

एकेकाळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. पुढे मोटारसायकली वाढल्या, रस्ते भरले आणि सायकली अंगणात गंजू लागल्या. २००६ च्या अखेरीस पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. बससाठी रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका करणारे पुणे हे देशातील पहिले शहर. या आखणीत बससाठी मधली मार्गिका, इतर वाहनांसाठी तिच्या शेजारची, कडेला सायकल ट्रॅक आणि पदपथ, अशी प्रत्येकाला त्याची जागा द्यायची होती. कल्पना उत्तम होती. बसमध्ये साठ माणसे बसतात आणि सायकल कुणाला धूर देत नाही. या दोघांना जागा मिळाली तर बाकी रस्ताही मोकळा होतो.

प्रत्यक्षात काय झाले ते त्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांना माहीत आहे. सायकल ट्रॅक काही अंतर जातो आणि एखाद्या झाडाशी, विजेच्या डीपीशी किंवा बसथांब्याशी येऊन संपतो. जिथे सलग आहे तिथे मोटारसायकली उभ्या असतात, दुकानाचा माल मांडलेला असतो, हातगाडी लागलेली असते. मग सायकलवाला नाइलाजाने मुख्य रस्त्यावर येतो. तिथे वेगाची वाहने त्याला दाबतात. शेवटी त्याला बसची मधली मार्गिका मोकळी दिसते आणि तो तिच्यात शिरतो. पुढे काही ठिकाणी बीआरटी काढूनही टाकण्यात आली. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यांवर आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. सायकली आल्या, पण त्यांना सुखरूप चालायला सलग वाट मिळाली नाही.

बसच्या मार्गिकेत सायकल का नको?

मोकळी दिसणारी बसची मार्गिका सायकलीला सुरक्षित वाटते. मुलांना तर फारच मोह होतो. म्हणून यामागचा हिशेब घरात समजावून सांगितला पाहिजे.

शहरातली मोठी बस साधारण अडीच मीटर रुंद असते. कठडे लावलेली बसमार्गिका सुमारे साडेतीन मीटरची. म्हणजे बसच्या दोन्ही बाजू मिळून उरतो एक मीटर. सायकलीचे हँडलच दोन वीत-अडीच वीत रुंद असते आणि चालवताना सायकल थोडी डोलते. मागून बस आली तर ती सायकलीला ओलांडून जाऊ शकत नाही आणि सायकलवाल्याला कठड्यामुळे बाजूला होता येत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी बस एका सेकंदात ११ मीटर अंतर कापते. ड्रायव्हरने पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच ती दहा-पंधरा मीटर पुढे आलेली असते आणि त्यानंतर ती थांबायला लागते. त्यात मार्गिका रस्त्याच्या मध्ये असल्याने बाहेर पडताना वेगाची वाहने कापूनच कडेला यावे लागते.

इथे कुणी म्हणेल, लंडनमध्ये तर बहुतेक बसमार्गिकांत सायकल चालवायला परवानगी आहे. खरे आहे. पण तिथली मार्गिका रस्त्याच्या कडेला असते, तिला कठडा नसतो आणि सायकलवाला हवा तेव्हा बाहेर पडू शकतो. बस आणि सायकल एकत्र चालवायची असेल तर मार्गिका चार मीटर किंवा अधिक रुंद असावी, म्हणजे बसला अंतर ठेवून पुढे जाता येते, असे तिथले आखणीचे नियम सांगतात. २०२२ पासून ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत सायकलीला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवण्याचे मार्गदर्शन आहे आणि ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे तत्त्वही त्यात घातले आहे. स्वाराने चालणाऱ्याला आधी सलाम करावा या शिकवणीची आठवण यावी, असेच हे तत्त्व आहे.

थोडक्यात, आपल्याकडची कठडेबंद बसमार्गिका सायकलीसाठी नाही. तिच्यात शिरायचे नाही, हा पहिला नियम.

साध्या रस्त्यावर बसच्या शेजारून

बहुतेक शहरांत बीआरटी नाहीच. तिथे बस आणि सायकल दोघेही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि धोका तिथेच तयार होतो. बस सायकलीला मागे टाकते, पुढच्या थांब्यावर थांबते; सायकल तिच्यापुढे निघते; बस सुटते आणि पुन्हा सायकलीला गाठते. एकाच बसशी एका मुलाची दोन किलोमीटरच्या वाटेत चार-पाच वेळा गाठ पडते. म्हणून पुढील गोष्टी मुलांकडून पाठ करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, थांबलेल्या किंवा थांबू पाहणाऱ्या बसच्या डाव्या बाजूने कधीही घुसायचे नाही. त्या फटीत उतरणारे प्रवासी असतात आणि बस हलली तर सायकल बस आणि कडेच्या दगडामध्ये सापडते. बस थांबली की आपणही तिच्या मागे चार-पाच मीटरवर थांबावे. बस निघून गेल्यावर पुढे जावे. यात अर्धे मिनिट जाते, त्यापेक्षा जास्त नाही.

दुसरी, बस डावीकडे वळते तेव्हा तिची पुढची चाके बाहेरून जातात, पण मागची चाके आतून, कोपरा कापत जातात. लांब वाहनाचा हा गुणच आहे. चौकात सिग्नलला बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या कुशीत उभा राहिलेला सायकलवाला या मागच्या चाकाखाली येतो. चौकात उभे राहायचे ते बसच्या मागे.

तिसरी, ड्रायव्हर उंचावर बसतो. त्याला अगदी पुढ्यातला, डाव्या बाजूला खेटून असलेला आणि अगदी मागे असलेला सायकलवाला दिसत नाही. सोपी खूण अशी की, बसच्या आरशात आपल्याला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

चौथी, उभ्या मोटारी आणि रिक्षा यांच्यापासून एक मीटर अंतर ठेवून चालवावे. अचानक दार उघडले की सायकलवाला उजवीकडे फेकला जातो आणि मागून बस येत असते. कडेला फार चिकटूनही चालवू नये. तिथे खडी, ड्रेनेजची झाकणे आणि पाण्याखाली लपलेले खड्डे असतात. सरळ रेषेत चालवले की मागच्याला अंदाज येतो. उभ्या गाड्यांमधून आत-बाहेर वळसे घेतले तर तो येत नाही.

पाचवी, उलट्या दिशेने कधीही जायचे नाही. समोरून येणारी गाडी दिसते म्हणून मुलांना ते सुरक्षित वाटते. पण बसचा वेग ४० आणि सायकलीचा १५ असेल, तर मागून येणारी बस सायकलीला २५ च्या वेगाने गाठते. समोरून आली तर ५५ च्या. सावरायला निम्माही वेळ मिळत नाही.

सहावी, वळण्याआधी मागे पाहावे, हात दाखवावा, मगच वळावे. ज्या मुलाला एका हाताने हँडल धरून मागे पाहता येत नाही, त्याला अजून मोठ्या रस्त्यावर पाठवू नये. मोठा चौक ओलांडताना उतरून, सायकल हातात धरून, झेब्रा पट्ट्यांवरून जावे. यात कमीपणा कसलाच नाही. कानात इअरफोन तर अजिबात नको. मागून येणारी बस आधी कानाला कळते.

सायकल, कपडे आणि उजेड

मुलगी सायकल चालवणार असेल तर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. ओढणी किंवा बुरख्याचे टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकून गंभीर इजा होते. गळ्याला फास बसल्याचेही प्रकार घडतात. ओढणी गळ्यात सैल न सोडता पिन लावून आत खोचावी. पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल घ्यावी आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्यावी. सायकल दुरुस्तीवाला हे काम तासाभरात करून देतो. बुरखा असेल तर घेर मर्यादित असलेला, पुढून बटणे असलेला बरा. पायडल मारताना तो वर ओढला जात नाही. हेल्मेट घालताना आत पातळ स्कार्फ असावा, डोक्यावर मोठा अंबाडा किंवा टोकदार पिना नसाव्यात. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे.

गडद कपडे अंधारात दिसत नाहीत. मगरिबनंतर क्लासहून परतणाऱ्या मुलीचा काळा बुरखा आणि पहाटे निघणाऱ्या पाववाल्याची निळी पेटी ड्रायव्हरला शेवटच्या क्षणी दिसते. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पायडलला परावर्तक आणि दप्तरावर किंवा पेटीवर चमकणारी पट्टी लावावी. मोठ्या पगाराची गरज लागावी असा हा खर्च नाही. बेकरीमालकांनी आपल्या पाववाल्यांच्या सायकलींना असे दिवे लावून द्यावेत, असे आम्ही आवर्जून सुचवतो. जो माणूस आपला धंदा डोक्यावर नाही तर दोन चाकांवर वाहतो, त्याच्या जिवाची काळजी हा मजुरीचाच भाग आहे.

लहान भावंडाला कॅरिअरवर बसवले तर त्याचा पाय आऱ्यांत जातो. डॉक्टरांकडे अशी मुले नेहमी येतात. टाचेचे कातडे सोलून निघते, कधी हाड मोडते. जाळी आणि पाय ठेवायला जागा नसेल तर डबलसीट नको. पावसाळ्यात ब्रेकची रबरे भिजली की सायकल उशिरा थांबते, म्हणून वेग कमी आणि अंतर जास्त ठेवावे. आठवड्यातून एकदा हवा, ब्रेक, चेन आणि घंटी तपासणे हे काम मुलाकडेच द्यावे.

चालवायला कोण शिकवणार?

मैदानात तोल सांभाळता आला म्हणजे रस्त्यावर चालवता आले असे होत नाही. शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी सकाळी अब्बांनी, चाचांनी किंवा मोठ्या भावाने मुलाबरोबर शाळेची वाट दोन-तीनदा सायकलीने पार करावी. मूल पुढे, मोठा माणूस किंचित मागे आणि उजव्या हाताला, म्हणजे वाहने मोठ्याला पाहून अंतर ठेवतात. वाटेतले बसथांबे, चौक, उतार, खड्डे दाखवावेत. शंभर-दोनशे मीटर लांबची पण गल्लीतून जाणारी शांत वाट असेल तर तीच ठरवावी. नंतर एकदा शाळेच्या वेळेला, खऱ्या गर्दीत, मागून चालवून पाहावे. मूल कुठे घाबरते, कुठे घाई करते ते तेव्हाच कळते.

अल्लाहवर भरवसा ठेवावा आणि आधी उंट बांधावा, ही शिकवण आपल्याला माहीत आहे. मुलाला दुआ देऊन दारातून निरोप देणे हा भरवसा झाला. ब्रेक तपासणे आणि वाट शिकवणे हे उंट बांधणे आहे.

मुलीच्या बाबतीत भीती अधिक असते, हे आम्ही समजतो. पण शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय दूर आहे, सोडायला कुणी नाही, म्हणून शिकणे थांबले, असे आपल्या समाजात पुष्कळ मुलींच्या बाबतीत होते. भावाच्या सवडीवर अवलंबून असलेले शिक्षण भावाची नोकरी बदलली की तुटते. दोन-तीन मुलींनी मिळून एकाच वेळी, ठरलेल्या वाटेने सायकलीने जावे, ही व्यवस्था अनेक घरांना जमण्यासारखी आहे.

मोटारसायकलवाल्यांनी काय करायचे?

आतापर्यंत आम्ही सायकलवाल्याला शिकवले. पण धोका तो निर्माण करत नाही. खरी जबाबदारी इंजिनवाल्यांची आहे आणि आपल्या घरांत आता इंजिने पुष्कळ आहेत.

सायकल ट्रॅकवर गाडी घालू नये आणि उभीही करू नये. ट्रॅकवर उभी केलेली एक मोटारसायकल तिथून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला बसच्या वाटेवर ढकलते. मशिदीबाहेर जुम्याच्या दिवशी काय दिसते, तेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. रस्त्याच्या कडेला दोन-दोन ओळींत गाड्या लागतात, थांब्यावर बसला कडेला येता येत नाही, ती रस्त्याच्या मध्येच थांबते आणि सायकलवाला दोन्हींच्या बेचक्यात सापडतो. आत नमाज अदा होत असते आणि बाहेर रस्त्याचा हक्क मारला जात असतो. मशिदीच्या कमिटीने दोन तरुणांना गाड्या नीट लावण्याच्या खिदमतीवर नेमले, जवळच्या शाळेचे किंवा गोदामाचे पटांगण तासाभरासाठी मागून घेतले आणि जे चालत येऊ शकतात त्यांना चालत येण्याची आठवण खुत्ब्याआधी करून दिली, तर हा प्रश्न बराच सुटेल. नमाजला चालत जाण्याच्या प्रत्येक पावलाचे सवाब आहेच.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास तर फार धोक्याचा. पोटात भूक, घशाला कोरड आणि घरी पोहोचण्याची घाई. अरफातहून परतताना मागून उंटांना मारण्याचा आणि ओरडण्याचा आवाज आला, तेव्हा प्रेषितांनी लोकांना शांत राहायला सांगितले आणि घाई म्हणजे नेकी नव्हे हे समजावले. हजच्या वाटेवर घाई नको असेल तर भज्यांच्या ताटाकडे जाताना तर नकोच. दोन खजुरा आणि पाण्याची बाटली गाडीला ठेवावी. अजान झाली की कडेला थांबून रोजा सोडावा.

आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोटारसायकल देऊ नये. गिअर नसलेली ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षानंतर आणि बाकी वाहने अठराव्या वर्षानंतरच, तीही परवाना घेऊन चालवता येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ (क) म्हणजे इंग्रजीतील १९९-ए नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतो की, त्याच्या समोर सायकलीवर कुणाचे मूल असेल?

अपघात झालाच तर

अल्लाह प्रत्येकाला सलामत ठेवो, पण माहिती असावी. जखमी सायकलस्वाराला पाहून मोबाइलवर चित्रण करण्याऐवजी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ११२ हा सर्व आपत्कालीन मदतीचा क्रमांक आहे. मान किंवा पाठ दुखत असेल तर ओढून उचलू नये. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही जुनी भीती आता सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुढे २०१९ च्या कायदा दुरुस्तीने अशा मदतगाराला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, असे ज्या दीनने शिकवले, त्याच्या अनुयायांना यासाठी कायद्याचीही वाट पाहावी लागू नये.

मोटारीच्या धडकेत सायकलस्वार जखमी झाला किंवा मृत्यू पावला तर त्या गाडीच्या तृतीय पक्ष विम्यातून भरपाई मागता येते. हा विमा प्रत्येक मोटार वाहनाला सक्तीचा आहे. गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. गरीब घरांना हे सांगणारे कुणी नसते. मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनी ते सांगावे.

मागितल्याशिवाय मिळत नाही

आज नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. तो पहिल्यापासून असा सुरक्षित नव्हता. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्यू पावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. एका पत्रकाराची लहान मुलगी सायकलीने शाळेत जाताना गेली. त्याने लेखणी उचलली, त्याच्या लेखाच्या मथळ्यावरूनच मुलांचे बळी थांबवा अशी चळवळ उभी राहिली आणि आई-बाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षांत तिथे सायकलींना स्वतंत्र वाटा मिळाल्या. त्या वाटा सरकारने आपणहून दिल्या नाहीत, घरांनी मागितल्या.

आपणही मागू शकतो. शाळेच्या पाचशे मीटर परिसरात वेग कमी करणारे उंचवटे आणि झेब्रा पट्टे, बसथांब्यापाशी तुटणारा सायकल ट्रॅक थांब्याच्या मागून सलग नेणे, ट्रॅकच्या तोंडाशी मोटारसायकल शिरू नये म्हणून खांब, ड्रेनेजच्या झाकणांच्या जाळ्या आडव्या बसवणे म्हणजे त्यांत सायकलीचे चाक अडकणार नाही, या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. नगरसेवकाकडे किंवा प्रभाग कार्यालयात पालकांच्या सह्यांचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा जावे. या कामात हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती शेजारीही सोबत असतील, कारण त्यांचीही मुले त्याच रस्त्याने जातात.

अम्मीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. रस्ता पाहिला आहे आणि तो अजून चांगला नाही. म्हणून मुलाला आधी वाट शिकवावी, मग सायकल द्यावी. आणि आपल्या गाडीची चावी हातात घेताना प्रत्येकाने आठवावे की, आपल्यापुढे जो दोन पायांच्या जोरावर चालला आहे, त्याला वाट देणे हा आपला उपकार नसून त्याचा हक्क आहे. अल्लाह आपल्या मुलांना आपल्या हिफाजतीत ठेवो आणि आपणा सर्वांना रस्त्याचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.